पायात काटा मोडला आणि जांघेत अवधाण आले, हे नेमके कसे घडते?

माळरान

नमस्कार. मागच्या शनिवारी बांधावर बाभळीच्या फांद्यांची कुपाटी घालताना एक काटा चपलेच्या तळातून आरपार येऊन उजव्या पायाच्या चवड्यात, अंगठ्याच्या जरा खाली, मोडला. सुईने उकरून काटा काढला, हळद भरली आणि राहिलेले काम उरकले. रविवारी चवडा ठणकू लागला, आणि सोमवारी सकाळी ओट्याची पायरी चढताना जांघेत ओढल्यासारखे झाले. हात लावून पाहिले तर तिथे सुपारीएवढी गाठ होती, दाबली की कळ येत होती, आणि अंगातही थोडी कसर होती. आई लगेच म्हणाली, "अवधाण आलंय. काट्याचं टोक आत राहिलं असणार." शेजारच्या काकांचे म्हणणे असे की विष वर चढत आहे, तेव्हा गाठ तेल लावून जोरात चोळावी आणि जिरवून टाकावी.

डॉक्टरांकडे उद्या सकाळी जाणारच आहे, त्यामुळे औषध विचारत नाही. मला कोडे पडले आहे ते वेगळेच. काटा चवड्यात, गाठ जांघेत, आणि मधली पोटरी, गुडघा, मांडी यांना काहीही झालेले नाही. मग पायातून जांघेपर्यंत नेमके काय गेले आणि कोणत्या वाटेने गेले? ही गाठ म्हणजे आजार पुढे सरकल्याची खूण आहे, की शरीराने त्याला घातलेला आळा आहे? आणि आईला गाठीवरून काट्याचे टोक कसे कळले?

फळा आणि खडू

मी परिचर्या महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आपल्या मातोश्रींचे निदान बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. काकांचे वर्णन अर्धे खरे आहे, त्यांचा उपाय मात्र पूर्ण चुकीचा आहे, तेव्हा गाठ कृपया चोळू नका.

आधी वाट सांगते. रक्त बंद नळ्यांतून फिरते असे आपण शाळेत शिकतो, पण केसाहून बारीक अशा केशवाहिन्या तितक्या बंद नसतात. त्यांच्या भिंतींतून पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने पेशींच्या मधल्या जागेत सतत पाझरत असतात. हा पाझर परत रक्तात गेला नाही तर संध्याकाळपर्यंत आपले सगळे अंग सुजेल. तो परत नेण्याचे काम लसिकावाहिन्या करतात आणि दिवसाकाठी साधारण दोन ते चार लिटर द्रव त्या रक्ताला परत करतात. या वाहिन्यांचे टोक त्वचेखाली बंद असते, पण तिथल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचा दाब वाढला की फटी उघडतात आणि द्रव आत शिरतो. या व्यवस्थेला हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या भिंती स्वतः हळूहळू आकुंचन पावतात, चालताना पोटरीचे स्नायू त्यांना पिळतात, श्वासाचा दाब वर ओढतो, आणि जागोजागी असलेल्या झडपा द्रवाला मागे येऊ देत नाहीत. पायाचा द्रव जांघेतल्या गाठींतून पोटात जातो, तिथून छातीतल्या मोठ्या वाहिनीने वर चढतो आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागे एका मोठ्या शिरेत रक्ताला मिळतो.

या वाटेवर सबंध शरीरात मिळून पाचशे-सहाशे लसिका गाठी आहेत. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या या गाठी काखेत, मानेत, जांघेत आणि आतड्यांच्या आसपास दाटीने असतात. अंगठ्याकडच्या बाजूचा पाझर थेट जांघेत जातो, म्हणून आपली पोटरी आणि मांडी स्वच्छ राहिली. तोच काटा टाचेच्या बाहेरच्या अंगाला मोडला असता तर गाठ आधी गुडघ्याच्या मागच्या खळग्यात येण्याचा संभव होता. जाणती माणसे गाठीची जागा पाहून जखमेची जागा सांगतात, त्यात जादू नाही. त्यांना उतार कुठून कुठे आहे हे अनुभवाने ठाऊक असते.

आता काटा मोडला त्या क्षणाकडे येऊ. त्वचा फाटली, आणि तिच्याबरोबर मातीतले जिवाणू आत गेले. तिथल्या मास्ट पेशींनी हिस्टामिन हे रसायन सोडले, केशवाहिन्या रुंदावल्या आणि अधिक पाझरू लागल्या. लाली, ऊब, सूज आणि ठणका या चारही गोष्टी त्यातूनच आल्या. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडल्या आणि जिवाणू गिळू लागल्या. जखमेत जो पू दिसतो तो बराचसा या मेलेल्या पेशींचाच असतो.

हे प्रथम ज्याने नीट ओळखले त्यानेही काटाच वापरला होता, म्हणून थोडे विषयांतर करते. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ इटलीतल्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती आणि तो तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला होता. अळीच्या अंगात फिरणाऱ्या पेशी बाहेरून आलेल्या वस्तूचा समाचार घेत असतील अशी शंका त्याला आली, तेव्हा त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणून अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. अळीला रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे ही कृती त्या पेशींची स्वतःची होती. या शोधासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पाउल एरलिख यांच्यासह मिळाले. आपल्या चवड्यात शनिवारी रात्री जे झाले ते मुळात हेच.

पण न्यूट्रोफिलना समोरचा जिवाणू कोणत्या जातीचा आहे याची बारीक ओळख नसते, आणि पुढच्या खेपेसाठी त्या काही लक्षातही ठेवत नाहीत. ते काम लिम्फोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी करतात, टी आणि बी या त्यांच्याच जाती, आणि अडचण इथेच आहे. आपल्या शरीरातल्या प्रत्येक टी पेशीला आणि बी पेशीला एकाच विशिष्ट आकाराचा तुकडा ओळखता येतो. एखाद्या जिवाणूचा ठरावीक तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक इतकी विरळ असते. ती एक पेशी नेमकी आपल्या अंगठ्याखाली, नेमकी त्या दिवशी हजर असण्याची आशा कशी धरायची?

म्हणून शरीर उलटा डाव खेळते. त्वचेत डेन्ड्रायटिक पेशी असतात. त्यांना फांद्यांसारखे फाटे फुटलेले असतात, म्हणून हे नाव. त्या जिवाणूचे तुकडे उचलतात, अंगावर मिरवतात आणि लसिकावाहिनीत शिरून गाठीकडे निघतात. द्रवाबरोबर सुटे तुकडे काही तासांत पोहोचतात, या पेशींना मात्र एक-दोन दिवस लागतात. दुसरीकडून टी पेशी रक्तातून गाठीत उतरतात, अर्धा-एक दिवस तिथे फिरतात आणि काही जुळले नाही तर पुढच्या गाठीकडे जातात. गाठ म्हणजे एक कायमचा भरलेला वधूवर मेळावा आहे, असे मी वर्गात सांगते. एक बाजू स्थळ घेऊन बसलेली आहे, दुसरी बाजू एकेका मांडवातून फिरत आहे, आणि लाखातली एखादी पत्रिका जुळली की फेऱ्या थांबतात. पाठ्यपुस्तकांतली सैनिकांची उपमा मला पटत नाही, कारण सैनिकाला शत्रू कोण हे आधीच सांगितलेले असते. इथे मात्र खरी मेहनत ओळख पटवण्यातच खर्च होते.

गाठ सुजते ती यामुळे. जखमेकडून निरोप आला की गाठीकडे येणारा रक्तप्रवाह वाढतो आणि आलेल्या लिम्फोसाइटना काही काळ बाहेर पडू दिले जात नाही; येणारे येत राहतात आणि जाणारे अडतात. शिवाय वाहत आलेले जिवंत जिवाणू गाठीतल्या मॅक्रोफेज पेशी तिथेच पकडून गिळतात, त्याचाही दाह होतो. गाठीभोवतीचे आवरण ताणले गेले की कळ येते. सोमवारी आपल्याला लागलेला फुगवटा बहुतांशी या गर्दीचा होता. जुळलेल्या पेशी त्यानंतर भराभर विभागू लागतात आणि एकीच्या हजारो होतात. बी पेशींतून अँटिबॉडी (प्रतिपिंडे) तयार होऊन रक्तात पुरेशा प्रमाणात दिसायला साधारण आठवडा जातो. त्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षे स्मृती म्हणून मागे राहतात.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे: पायातून वर काहीतरी गेले हे काकांचे म्हणणे खरे, पण ते जिथे अडवले जायला हवे तिथेच अडले आहे. गाठ चोळणे म्हणजे अडलेल्याला पुढे ढकलणे होय.

फिरता दवाखाना

ताईंनी इतके सविस्तर लिहिल्यावर मी फक्त दवाखान्यातले सांगतो. गेली अठरा वर्षे ग्रामीण भागात प्रॅक्टिस करतो आणि सुगीच्या दिवसांत आठवड्याला दोन-तीन अवधाणे पाहतो.

माळरान, आपल्या आईंनी गाठीवरून काट्याचे टोक ओळखले ते असे. जिवाणू एकदा निपटले की निरोप थांबतात आणि गाठ उतरू लागते. काट्याचा तुकडा आत राहिला तर त्यावर जिवाणूंना थारा मिळतो, पांढऱ्या पेशींना तो तुकडा गिळता येत नाही, आणि गाठीकडे निरोप जातच राहतात. म्हणून माझा हात गाठीवर जातो तो केवळ तपासण्यापुरता, उपचार सगळा पायावर. टोक निघाले की गाठीकडे पाहावेही लागत नाही.

जखमेपासून वर चढणारी तांबडी रेघ दिसली, थंडी वाजून ताप भरला, गाठीवरची कातडी लाल आणि तकतकीत झाली, किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर सकाळची वाट न पाहता यावे. ती रेघ म्हणजे लसिकावाहिनीच सुजलेली असते. मधुमेहात रक्तातली साखर चढलेली असली की न्यूट्रोफिलचे काम मंदावते आणि पायाला बधिरपणा असल्याने काटा रुतल्याचेही कळत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटी कधी घेतले होते ते आठवा. माती-शेणाने मळलेल्या जखमेला, पाच वर्षे उलटून गेली असतील तर, पुन्हा घ्यावे लागते. धनुर्वाताचे विष इतक्या थोड्या मात्रेत मारक असते की एकदा आजार होऊन बरा झालेल्या माणसालाही त्यापासून प्रतिकारशक्ती येत नाही, ती लसीनेच येते.

बिब्ब्याचा चटका देणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. गेल्या वर्षी एक आजोबा आले ते काट्यासाठी नव्हे, तर बिब्ब्याने फोड आलेला तळपाय घेऊन, आणि अवधाण दुप्पट झालेले. बिब्ब्याचे तेल कातडी भाजतेच, शिवाय अनेकांच्या टी पेशी त्यातल्या रसायनाला शत्रू धरतात. एकदा ओळख पटलेली असली की पुढच्या खेपेला एक-दोन दिवसांत अंगभर खाज उठते. म्हणजे जी यंत्रणा काट्याशी झगडत होती तिलाच आपण दुसरे भांडण लावून दिले.

आणखी एक. न दुखणारी, टणक, जागची न हलणारी गाठ, किंवा तीन-चार आठवड्यांत न उतरणारी, हे अवधाण नव्हे. मानेत एकमेकींना चिकटलेल्या गाठींची माळ असेल तर तिला जुनी माणसे गंडमाळ म्हणतात आणि आपल्याकडे ती बहुधा क्षयाची निघते. सुईने नमुना घेऊन तपासणी करता येते, आणि सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध मोफत आहे.

जुनी दप्तरे

मेचनिकॉफचा उल्लेख वाचून राहवले नाही. त्याच्या ओदेसातल्या विद्यार्थ्यांपैकी एकाने मुंबईत येऊन काय केले ते या धाग्याशी अगदी जुळते. तो विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत, कारण जांघेत किंवा काखेत कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ येई. रेल्वे स्थानकांवर उतारूंच्या काखा आणि जांघा चाचपून पाहण्याचा जो जाच होता, त्याविषयी त्या काळातल्या लोकांनी संतापाने लिहिले आहे. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच साली मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे त्याच आजाराने निधन झाले. परळची हाफकिन संस्था त्या प्रयोगशाळेतूनच वाढली.

माझी शंका अशी आहे की, प्लेग पसरवणारी पिसू बहुधा पायाला चावते आणि गाठ जांघेत येते, म्हणजे वाट तीच. मग बाभळीच्या काट्याचे अवधाण आठवड्यात उतरते आणि प्लेगची गाठ माणसाला घेऊन जाते, असे का?

फळा आणि खडू

फार चांगला प्रश्न विचारलात. उत्तर त्या गिळण्यातच आहे. साध्या जिवाणूला मॅक्रोफेजने गिळले की तो आत विरघळतो. प्लेगचा जिवाणू सुरुवातीला मॅक्रोफेजच्या पोटात मरत नाही, उलट त्याच्या आडोशाने गाठीपर्यंत पोहोचतो. मानवी शरीराच्या उष्णतेत आल्यावर तो अशी प्रथिने तयार करतो की पुढच्या पेशींना त्याला गिळताच येऊ नये. मग ज्या गाठीने त्याला रोखायचे तिथेच तो वाढतो, गाठ आतून सडते, आणि तिथून त्याला रक्तात जायला वाट मोकळी होते. हाफकिन यांची लस मारलेल्या जिवाणूंची होती. ओळख पटवण्याचे काम आधीच उरकलेले असावे, हाच तिचा हेतू.

शब्दांची गंमत सांगते. जखमेतून गळणाऱ्या पिवळसर पाण्याला आपण लस म्हणतो, 'जखमेतून लस येते' असे. देवीच्या टोचणीतही हाच द्रव वापरला जाई. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव पुढे इतरांना टोचला गेला. द्रवाचे नाव असे उपायालाही मिळाले. लसिका आणि लसीकरण हे शब्द मराठीत एकाच घरचे आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात.

धानपट्टा

मी पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या कार्यक्रमात काम करते. इथे गाठींविषयी पुष्कळ लिहून झाले, पण त्या वाहिन्याच बिघडल्या तर काय होते ते आम्ही रोज पाहतो.

क्यूलेक्स डासामार्फत शिरलेली अळी वाढून दोऱ्यासारखा जंत होते आणि लसिकावाहिन्यांतच पाच-सात वर्षे राहते. तिची पिल्ले रात्री रक्तात उतरतात, म्हणून आमची रक्ततपासणीची फेरी रात्रीची असते, आणि दार ठोठावल्यावर लोक जे बोलतात ते ऐकून घेण्याची सवय करावी लागते. जंतामुळे वाहिनी फुगते, झडपा निकामी होतात आणि पाझर खालीच साचतो. पण पाय हत्तीसारखा होतो तो एकट्या जंतामुळे नव्हे. साचलेल्या द्रवात पांढऱ्या पेशींची ये-जा नीट होत नाही, त्यामुळे बोटांच्या बेचक्यातल्या एवढ्याशा भेगेतून शिरलेले जिवाणू पुन्हा पुन्हा ताप आणि सूज आणतात, आणि दरवेळी कातडी आणखी जाड होते. जांघेतली गाठ तर अशा वेळी हमखास येते.

म्हणून आमचा अर्धा उपचार बादली, साबण आणि सुती फडके एवढाच आहे. पाय रोज धुवायचा, प्रत्येक बेचके कोरडे करायचे, भेग दिसली तर मलम लावायचे, झोपताना पाय उशीवर ठेवायचा आणि घोटा फिरवत राहायचे, कारण पोटरी हाच पंप. एका मावशींना वर्षातून सात-आठ वेळा ताप येत असे. दीड वर्ष नेमाने पाय धुतल्यावर तो एकदाच आला. सूज फारशी उतरली नाही, पण त्या पुन्हा रोवणीला जाऊ लागल्या. गोळ्यांच्या मोहिमेत २०१९ पासून नागपूर जिल्ह्यात दोनऐवजी तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली. गोळी घेतल्यावर ताप किंवा अंगदुखी झाली की लोक घाबरतात, पण रक्तातली पिल्ले मरताना प्रतिकारयंत्रणा जी प्रतिक्रिया देते तीच ती असते, आणि ती एक-दोन दिवसांत ओसरते. हे समजावण्यात आमचा निम्मा वेळ जातो.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारी सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जागा बधिर करून छोटी चीर दिली तेव्हा थेंबभर पू आणि त्याबरोबर तिळाएवढे काळे टोक निघाले. ते आईला दाखवायला कागदात बांधून आणले, त्यावर ती फक्त "बघितलंस?" म्हणाली. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले, पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या. चवडा गुरुवारी ठणकायचा थांबला आणि जांघेतली कळ शनिवारी गेली. आज बारावा दिवस आहे. चालताना काही जाणवत नाही, पण बोटाने चाचपले की वाटाण्याएवढे काहीतरी अजून सरकते. ते राहिले तर चालेल का?

फिरता दवाखाना

मऊ आहे, सरकते, दुखत नाही आणि वाढत नाही, एवढे असेल तर चालेल. शेतात वावरणाऱ्या बहुतेकांच्या जांघेत तपासताना अशा एक-दोन गाठी हाताला लागतातच. पायांना सतत काही ना काही लागत असते आणि गाठी पूर्वीच्या मापाला परत येतातच असे नाही. महिन्याभराने एकदा चाचपून पाहा. वाढली असेल तरच या. आणि कुपाटी घालताना बूट घाला, त्या तळ झिजलेल्या चपला नकोत.